बी दळणारा हरियाल, बी पेरणारे राजकबूतर

हरियाल आणि डोंगरी राजकबूतर हे दोन्ही पक्षी कपोत कुळातले. दोघांचेही आयुष्य झाडांवर जाते आणि दोघांचेही पोट जवळजवळ पूर्णपणे फळांवर भरते. पण फळ पोटात गेल्यावर पुढे जे घडते, ते दोघांच्या बाबतीत अगदी उलट आहे. हरियाल फळाच्या गराबरोबर आतल्या बियाही दळून पचवतो. राजकबूतर वरचा गर तेवढा उतरवून घेते आणि बी जसेच्या तसे बाहेर टाकते. झाडाच्या हिशेबात पहिला पक्षी बी संपवणारा, तर दुसरा बी पेरणारा ठरतो. हे दोन पक्षी कुठे राहतात, काय खातात, किती दूर उडतात आणि ते नाहीसे झाले तर जंगलाचे काय बिघडते, हे समजून घेताना पुन्हा पुन्हा या एका फरकापाशी यावे लागते.

कुळ आणि नावे

कपोत कुळात जगभरात सुमारे 350 जाती आहेत. त्यांतले पारवे, होले असे आपल्या रोजच्या पाहण्यातले पक्षी जमिनीवर उतरून धान्य आणि गवताचे बी टिपतात. उष्ण कटिबंधातल्या जंगलांत मात्र या कुळाची फळांवर जगणारी मोठी शाखा आहे. आशियात फळखाऊ कबुतरांचे तीन मोठे गण आढळतात. ट्रेरॉन गणात हिरवी कबुतरे येतात, ड्यूक्युला गणात राजकबुतरे येतात, तर टिलिनोपस गणात आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवरची रंगीबेरंगी लहान फळकबुतरे येतात. भारतात पहिल्या दोन गणांचे पक्षी आहेत. राजकबुतरे आणि टिलिनोपस गणातले पक्षी एकमेकांच्या जवळच्या नात्यातले आहेत. हिरवी कबुतरे या कुळाच्या वेगळ्या फांदीवर आहेत. म्हणजे फळे खाण्याची सवय कबुतरांमध्ये एकाहून अधिक वेळा रुजलेली दिसते, आणि म्हणूनच फळ पचवण्याच्या रीतीही निरनिराळ्या आहेत.

हरियाल म्हणजे ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लेथम यांनी 1790 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. मराठीत त्याला हरोळी किंवा हरावत असेही म्हणतात. तो महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. डोंगरी राजकबूतर म्हणजे ड्यूक्युला बेडिया. सिंगापूर वसवणारे स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी सुमात्रातल्या पक्ष्यांवरून 1822 मध्ये त्याचे वर्णन केले. पश्चिम घाटातले राजकबूतर रंगाने थोडे वेगळे आहे. मद्रास इलाख्यात डॉक्टर असलेले पक्षितज्ज्ञ टी. सी. जर्डन यांनी 1840 मध्ये त्याला नाव दिले, आणि काही वर्गीकरणतज्ज्ञ या घाटातल्या पक्ष्याला स्वतंत्र जाती मानतात.

रंगरूप

हरियालाची लांबी सुमारे 33 सेंटीमीटर आणि वजन साधारण पाव किलो असते. आकाराने तो पारव्याएवढाच, पण अंगाने अधिक भरलेला दिसतो. डोके राखाडी, मान आणि छाती पिवळसर हिरवी, पाठ राखी झाक असलेली हिरवी, खांद्यावर फिकट जांभळा डाग आणि काळपट पंखांवर पिवळी रेघ असा त्याचा थाट असतो. दख्खनमधल्या आणि दक्षिणेकडच्या हरियालांचे पोटही पिवळे असते. उत्तरेकडच्या पक्ष्यांच्या पोटावर राखाडी छटा दिसते. दुर्बिणीतून डोळा पाहिला तर बाहुलीभोवती निळसर आणि त्याबाहेर गुलाबी अशी दोन वर्तुळे दिसतात. ओळखीची सर्वांत पक्की खूण म्हणजे हळदीसारखे पिवळे पाय. भारतातल्या इतर हिरव्या कबुतरांचे पाय लाल किंवा गुलाबी असतात. नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात, मादी किंचित फिकी असते.

डोंगरी राजकबूतर 43 ते 51 सेंटीमीटर लांबीचे, म्हणजे कावळ्याहूनही थोडे मोठे, आणि वजनाने अर्ध्या किलोच्या आसपास असते. भारतातल्या सर्वांत मोठ्या कबुतरांत त्याची गणना होते. डोके, मान आणि पोट गुलाबी झाक असलेले फिकट राखाडी असते आणि गळा पांढुरका असतो. ईशान्य भारतात पाठ आणि पंख तांबूस किरमिजी असतात, तर पश्चिम घाटात हाच भाग मातकट तपकिरी दिसतो. काळपट लांब शेपटीच्या टोकाला रुंद फिकट पट्टा असतो. उडणारा पक्षी खालून पाहिला तर हा पट्टा सहज नजरेत भरतो. पाय गडद लाल असतात.

रंगांतला फरक दोघांच्या राहणीशी जुळतो. हरियाल पानांच्या दाटीत बसतो आणि धोक्याची चाहूल लागली की जागच्या जागी थिजतो. वडाच्या झाडावर पन्नास हरियाल बसलेले असले तरी खाली उभ्या माणसाला चार-पाचच दिसतात. एकाएकी पंखांचा फडफडाट होऊन सगळा थवा उठला की खरी संख्या कळते. राजकबूतर याउलट उंच झाडाच्या शेंड्यावर किंवा वाळक्या फांदीवर उघड्यावर बसलेले दिसते. पण ती झाडे दाट जंगलात, उंच आणि दरीच्या कडेला असतात. त्यामुळे ते दिसते ते बहुधा लांबूनच.

आवाज

दोन्ही पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. हरियालाचा आवाज पारव्याच्या घुमण्यासारखा मुळीच नाही. ती मऊ, सुरेल शीळ असते. वर चढणारी, खाली उतरणारी, मध्येच वळसे घेणारी. थवा फळांवर असताना ती अधूनमधून ऐकू येते. राजकबुतराचा आवाज खोल, जड आणि घुमणारा असतो. दरीच्या एका बाजूने आलेला हा हुंकार पलीकडच्या डोंगरापर्यंत पोहोचतो. पक्षी जवळ असेल तर हुंकाराआधी एक बारीक टिचकीसारखा आवाजही ऐकू येतो. दाट जंगलात खालच्या पट्टीतला आवाज पानाफांद्यांत कमी अडतो आणि दूरवर जातो. एकेकट्याने किंवा लहान गटांत विखरून राहणाऱ्या पक्ष्याला ते सोयीचेच आहे.

कोण कुठे राहतो

हरियालाचे क्षेत्र विस्तीर्ण आहे. पाकिस्तानच्या ईशान्य भागापासून भारत, नेपाळ, बांगलादेश, म्यानमार आणि पुढे व्हिएतनामपर्यंत तो आढळतो. श्रीलंकेत मात्र तो फार दुर्मीळ आहे. पानझडीची जंगले, विरळ झाडी, माळरानांच्या कडेच्या राया, रस्त्याकडेची जुनी झाडे, बागा असे काहीही त्याला चालते. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची मोठी झाडे जवळपास असावीत, एवढीच त्याची अट. त्यामुळे विदर्भाच्या जंगलांत दिसणारा हरियाल पुण्या-नागपुरासारख्या शहरांतल्या जुन्या वडांवरही दिसतो.

डोंगरी राजकबुतराला सदाहरित किंवा निमसदाहरित दाट जंगल लागते. त्याच्या क्षेत्राचे दोन मोठे भाग आहेत. एक भाग पूर्व हिमालयापासून ईशान्य भारत, म्यानमार, थायलंड, मलेशिया असा सुमात्रा, बोर्निओ आणि जावापर्यंत पसरला आहे. दुसरा भाग पश्चिम घाटाचा आहे आणि तो पहिल्यापासून पूर्ण तुटलेला आहे. घाटात गोवा आणि उत्तर कन्नडपासून दक्षिणेकडे केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांपर्यंत ते दिसते. गोव्यात मोलेच्या अभयारण्यात आणि तांबडी सुर्लाच्या परिसरातल्या जंगलात त्याची नोंद होते. दख्खनच्या कोरड्या पठारावर ते येत नाही, कारण वर्षभर फळे पुरवणारी झाडे तिथे नाहीत.

पश्चिम घाटात याच गणातले आणखी एक कबूतर आहे. ते म्हणजे हिरवे राजकबूतर. त्याची पाठ आणि पंख धातूसारखे चकाकणारे हिरवे असतात आणि ते साधारणपणे डोंगराच्या खालच्या पट्ट्यातल्या जंगलात राहते. पाठीचा रंग आणि शेपटीच्या टोकाचा फिकट पट्टा पाहिला की दोन राजकबुतरांत घोटाळा होत नाही. हरियालाचा घोटाळा घाटातल्या राखी कपाळाच्या हिरव्या कबुतराशी होऊ शकतो. पण त्याचे पाय लाल असतात आणि नराची पाठ किरमिजी असते.

चोच, जबडा आणि फळाची निवड

हरियाल प्रामुख्याने वडवर्गी झाडांच्या फळांवर जगतो. जोडीला बोरे, जांभळे, चारोळी अशी हंगामी फळे आणि कधी कोवळे कोंबही तो खातो. त्याचे खाणे जवळून पाहण्यासारखे असते. फळांनी लगडलेल्या बारीक फांदीवर तो पोपटासारखा सरकत जातो, मान ताणतो, गरज पडली तर पायांनी फांदी घट्ट धरून उलटा लोंबकळतो आणि पिकलेले फळ हिसका देऊन तोडतो. वडाचे फळ सहसा अख्खेच गिळले जाते. या झटापटीत बरीच फळे खाली पडतात आणि झाडाखाली येणाऱ्या हरणांची, साळिंदरांची सोय होते. वडाचे झाड पिकले की बुलबुल, तांबट, मैना, कोकीळ, पोपट आणि हरियाल अशी सगळी मंडळी एकाच वेळी तिथे जमलेली दिसतात.

राजकबूतरही वडवर्गी फळे खाते. पण त्याची खरी खासियत मोठ्या बियांच्या फळांत आहे. त्याच्या खालच्या जबड्याची ठेवण अशी असते की तोंड बाजूंनी ताणले जाते. त्यामुळे डोके लहान दिसले तरी ते बरेच मोठे फळ अख्खे गिळू शकते. रानजायफळ, दालचिनीच्या कुळातली पिसा-मैदालकडीसारखी झाडे आणि रुद्राक्षाच्या कुळातली झाडे ही त्याची आवडती. रानजायफळाचे फळ पिकले की उकलते आणि आतले टणक बी लालभडक जायपत्रीत गुंडाळलेले दिसते. ही जायपत्री स्निग्ध असते. राजकबूतर जायपत्रीसकट बी गिळते, जायपत्री पचवते आणि बी टाकून देते. बुलबुल किंवा तांबट यांच्या तोंडात एवढे बी मावतच नाही. घाटातल्या अशा झाडांना गिऱ्हाइके थोडीच असतात. धनेश आणि राजकबूतर ही त्यांतली मुख्य.

पोटातला फरक

पक्ष्यांना दात नसतात. अन्न बारीक करण्याचे काम पोटातला पेषणी नावाचा स्नायुमय भाग करतो. धान्य खाणाऱ्या कबुतरांची पेषणी जाडजूड असते आणि तिच्यात गिळलेले वाळूचे खडे साठवलेले असतात. स्नायू आवळले की खड्यांमध्ये सापडलेला दाणा भरडला जातो. हे पक्ष्याने पोटात बाळगलेले जातेच.

हरियाल आणि त्याच्या गणातल्या इतर हिरव्या कबुतरांनी फळे खायला सुरुवात केली, पण हे जाते टाकून दिले नाही. त्यांची पेषणी जाड आणि बळकट असते, आतले अस्तर टणक असते आणि तीत खडे असतात. वडाच्या एका फळात शेकडो बारीक बिया असतात. हरियालाच्या पोटात त्यांतल्या बहुतेक भरडल्या जातात. काही सुटतात आणि शाबूत बाहेर पडतात, पण ते अपवादाने. मलेशियाच्या सखल जंगलात फ्रँक लॅम्बर्ट यांनी वडवर्गी झाडांवर येणाऱ्या कबुतरांचा अभ्यास केला आणि 1989 मध्ये तो प्रसिद्ध केला. हिरवी कबुतरे मुख्यत्वे बिया नष्ट करणारी आहेत, हा त्यातला महत्त्वाचा निष्कर्ष होता.

हरियाल कधीच जमिनीवर पाय ठेवत नाही, अशी उत्तर भारतात जुनी समजूत आहे. तो बहुतेक वेळ झाडावरच असतो, हे खरे. पण पाणी पिण्यासाठी तो पाणवठ्यावर उतरतो, खारट माती टोचायलाही खाली येतो. पोटातल्या खड्यांचा पुरवठाही शेवटी जमिनीतूनच होतो.

राजकबुतराची पेषणी याउलट पातळ भिंतीची असते. ती बी फोडत नाही. गर खरवडून काढण्यापुरतेच काम करते. त्यापुढचे आतडे आखूड आणि रुंद असते. मोठे बी त्यातून अडथळ्याविना सरकते आणि उगवण्याची क्षमता शाबूत ठेवून बाहेर पडते. गर निघून गेल्यामुळे अशा बीला बुरशी लागण्याचा धोकाही कमी होतो.

या दोन रीतींचा पोषणाशी सरळ संबंध आहे. फळाच्या गरात साखर आणि पाणी भरपूर, पण प्रथिने कमी असतात. वडवर्गी फळात प्रथिने आणि स्निग्धांश आहे तो बहुतांश बियांत. बी दळल्यामुळे हरियाल एकाच फळातून दुहेरी कमाई करतो. राजकबूतर बियांतल्या पोषणावर पाणी सोडते. त्या बदल्यात त्याला बी दळायला लागणारे जड स्नायू बाळगावे लागत नाहीत, पोट लवकर रिकामे होते आणि लगेच पुढची फळे गिळता येतात. जायफळ आणि दालचिनीच्या कुळांतली स्निग्ध फळे त्याला का लागतात, हेही यावरून समजते. बी पचवायचे नसेल, तर गरच कसदार हवा.

जंगलाचा हिशेब

बी आईझाडाच्या सावलीतच पडले तर त्याच्या जगण्याची शक्यता फार कमी असते. तिथे बियांवर टपलेले किडे, उंदीर आणि बुरशी आधीच दबा धरून असतात. शिवाय पडलेल्या इतर बियांशीही स्पर्धा असते. अमेरिकी परिसंस्थातज्ज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी 1970 मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी 1971 मध्ये हा विचार स्वतंत्रपणे मांडला. उष्ण कटिबंधातल्या जंगलात एकाच जातीची झाडे एका जागी दाटी न करता विखरून का असतात, याचे एक कारण त्यात सापडते. म्हणूनच बी दूर नेणाऱ्या प्राण्याचे मोल मोठे.

हे काम राजकबूतर चोख बजावते. ते ताकदवान उडणारे आहे. फळझाडावरून उठून ते दुसऱ्या डोंगरधारेवर जाऊन बसते आणि बी तिकडे पडते. आग्नेय आशियात ही कबुतरे डोंगरातल्या मुक्कामावरून सखल भागातल्या, अगदी किनाऱ्यालगतच्या फळझाडांपर्यंत रोज ये-जा करताना पाहिली गेली आहेत. अरुणाचलातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पात रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी फळझाडे आणि फळखाऊ पक्षी यांच्या नात्यांचा अभ्यास केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या बियांच्या झाडांसाठी धनेश आणि राजकबूतर यांसारखे मोठे पक्षी किती महत्त्वाचे आहेत, हे त्यातून पुढे आले. लहान पक्षी संख्येने जास्त असले तरी मोठे बी त्यांच्या चोचीत मावत नाही, त्यामुळे ही जागा ते भरून काढू शकत नाहीत.

बेटांवर राजकबुतरांचे महत्त्व आणखी वाढते. प्रशांत महासागरातल्या अनेक बेटांवर माकडे नाहीत, धनेश नाहीत. तिथे मोठे बी वाहून नेणारा प्रमुख प्राणी म्हणजे याच गणातले कबूतर. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचा 1883 मध्ये उद्रेक झाला आणि बेटावरचे जीवन नष्ट झाले. त्यानंतर तिथे पुन्हा जंगल उभे राहिले. समुद्र ओलांडून फळझाडांचे बी आणणाऱ्यांमध्ये वटवाघळांबरोबर राजकबुतरांच्या गणातले पक्षीही होते.

मग हरियाल जंगलाला अपायकारक म्हणायचा का? तसे म्हणता येत नाही. वडाचे एक मोठे झाड एका बहरात हजारो फळे देते आणि प्रत्येक फळात शेकडो बिया असतात. त्यांतल्या मूठभर रुजल्या तरी झाडाचे काम होते. बुलबुल, मैना, कोकीळ आणि वटवाघळे या बिया शाबूत टाकतात. भिंतीच्या फटीत, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात उगवलेली वडा-पिंपळाची रोपे बहुधा त्यांचीच पेरणी. हरियाल त्या प्रचंड उत्पादनातला एक वाटा खातो. रानजायफळाची गोष्ट वेगळी आहे. एका फळात एकच मोठे बी असते आणि ते झाड मूठभर पक्ष्यांवर अवलंबून असते. वडाची झाडे हरियालावर अवलंबून नाहीत, हरियाल वडावर अवलंबून आहे. राजकबूतर आणि मोठ्या बियांची झाडे यांचे नाते मात्र दोन्ही बाजूंनी गरजेचे आहे.

थवे आणि भटकंती

वडवर्गी झाडांचा एक विशेष असा की एकाच परिसरातली सगळी झाडे एकदम पिकत नाहीत. आज या गावचा वड पिकलेला असतो, तर पंधरा दिवसांनी पलीकडच्या शिवारातला. पिकलेल्या झाडावर अन्नाचा ढीग असतो, पण थोड्याच दिवसांचा. अशा अन्नाला थव्याने राहणे परवडते. हरियालाचे थवे दहा-वीस पक्ष्यांपासून शंभराच्या पुढेही जातात. पहाटे उंच निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून ते ऊन खातात आणि मग फळांकडे वळतात. दुपारी पानांत विसावतात आणि संध्याकाळी पुन्हा फळांवर येतात.

राजकबूतर एकटे, जोडीने किंवा लहान गटांत फिरते. भरपूर फळे लागलेल्या झाडावर संख्या वाढते, पण हरियालासारखे मोठे थवे सहसा होत नाहीत. वेगवेगळ्या उंचीवरची झाडे वेगवेगळ्या महिन्यांत फळतात, त्यामुळे ते ऋतूनुसार डोंगरावर वर-खाली सरकते. ज्या खोऱ्यात ते एरवी दिसते, तिथून फळांचा हंगाम संपल्यावर ते नाहीसे होते ते याच कारणाने.

घरटे, अंडी आणि कपोतदुग्ध

घरट्याच्या बाबतीत दोघेही खास कबुतरेच. चार काटक्या आडव्यातिडव्या रचून केलेले ते पसरट मचाण असते, इतके विरळ की कधी कधी खालून अंडे दिसते. हरियालाची वीण मुख्यत्वे मार्च ते जून या काळात होते. पावसाच्या तोंडावर फळांची रेलचेल असते. मादी दोन पांढरी, चकचकीत अंडी घालते. नर-मादी आळीपाळीने ती उबवतात आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात.

डोंगरी राजकबुतराचे मीलनउड्डाण पाहण्यासारखे असते. नर शेंड्यावरून सरळ वर झेपावतो, उंचावर क्षणभर थबकतो आणि पंख पसरून तरंगत खाली येतो. जंगलातल्या मध्यम उंचीच्या झाडावर घरटे होते आणि मादी सहसा एकच अंडे घालते. निव्वळ गरावर जगणाऱ्या अनेक फळखाऊ कबुतरांत एकच अंडे घालण्याची रीत आहे. प्रथिने कमी असलेल्या आहारावर एकाहून जास्त पिल्ले पोसणे जड जाते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. बी पचवणारा हरियाल दोन अंडी घालतो, हे या अर्थाशी जुळते.

फळांवर जगणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना पिल्लांच्या वाढीसाठी किडे, पाली असे काही तरी आणावे लागते. तांबट आणणार किडे, धनेश आणणार सरडे. कबुतरांना याची गरज पडत नाही. नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपिशवीचे अस्तर विणीच्या काळात जाड होते आणि त्याच्या पेशी सुटून दह्यासारखा घट्ट पदार्थ तयार होतो. यालाच कपोतदुग्ध म्हणतात. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात. सुरुवातीचे दिवस पिल्लू आईबापांच्या घशात चोच घालून हेच पिते. पुढे हळूहळू त्यात फळांचा लगदा मिसळत जातो. धान्यखाऊ कबुतरांकडून आलेल्या या देणगीमुळेच फळांवर पूर्णपणे विसंबून राहणे या दोन्ही पक्ष्यांना जमले.

धोके आणि संरक्षण

एके काळी दोन्ही पक्ष्यांची शिकार होत असे. पिकलेल्या वडाखाली उभे राहून हरियाल टिपणे हा ब्रिटिश अमदानीत शिकाऱ्यांचा आवडता उद्योग होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता त्यांची शिकार हा गुन्हा आहे. तरी ईशान्य भारतात मोठ्या आकारामुळे राजकबूतर आजही शिकाऱ्यांच्या नजरेत असते.

शिकारीपेक्षा अधिवासाचा प्रश्न मोठा आहे आणि तो दोघांसाठी वेगवेगळा आहे. हरियालाचे क्षेत्र मोठे आहे आणि माणसाच्या शेजारी राहण्याची त्याला सवय आहे. जागतिक पातळीवर तो धोक्यात नाही. पण त्याचे जगणे जुन्या वड-पिंपळ-उंबरांवर टिकून आहे आणि रस्ते रुंद होताना पहिली कुऱ्हाड पडते ती याच झाडांवर. तोडलेल्या वडाच्या बदल्यात गुलमोहर किंवा सप्तपर्णी लावली तर हिशेबात झाडे भरतात, पण हरियालाला खायला काही उरत नाही. नव्या लागवडीत वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांची एकमेकांपासून थोड्या थोड्या अंतरावर लागवड केली, तर कुठले ना कुठले झाड कोणत्याही महिन्यात पिकलेले मिळते.

राजकबुतराला चार झाडांनी भागत नाही. त्याला डोंगरउतारावर वरपासून खालपर्यंत सलग, जुने, मिश्र जंगल लागते, म्हणजे एका पट्ट्यातली फळे संपली की दुसऱ्यात जाता येते. पश्चिम घाटात चहा-कॉफीचे मळे, धरणे, खाणी आणि रस्ते यांनी असे पट्टे जागोजाग तुटले आहेत. घाटातल्या रानजायफळांच्या दलदली हा त्यांतला सर्वांत नाजूक भाग. अशी एक दलदल सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे आहे आणि महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. झाडे राखली म्हणजे काम संपले असे इथे होत नाही. रानजायफळाचे जुने झाड शेकडो फळे देत उभे राहील, पण बी उचलणारे धनेश आणि राजकबुतरे नसतील तर ती फळे बुंध्याशीच सडतील आणि पुढची पिढी उभी राहणार नाही. म्हणून हरियालासाठी झाडे राखणे पुरेसे आहे. राजकबुतराच्या बाबतीत झाडे आणि पक्षी दोन्ही एकदमच राखावे लागतात.